बिऱ्हाड पाण्यावर

बिऱ्हाड हलवायचे म्हटले की घरातल्या प्रत्येक वस्तूला एकाएकी वाचा फुटते. वर्षानुवर्षे माळ्यावर मुकाट्याने पडलेला पाटा म्हणतो, ‘मला टाकून जाणार?’ एका कानाची कढई म्हणते, ‘मी तुमचे काय घोडे मारले?’ मास्तरकीत बदल्या पाचवीला पुजलेल्या. त्यामुळे हे रडगाणे मी पुष्कळदा ऐकले आहे आणि दर वेळी वस्तूंचाच जय झालेला पाहिला आहे. टेंपोत जागा असते, नव्या घरालाही माळा असतो. मग कशाला कुणाचे मन मोडा? परंतु ज्या बिऱ्हाडाला माळाच नाही, ज्याची जमीन रात्रंदिवस हलते आणि ज्याच्या उंबऱ्याबाहेर शंभर शंभर वाव पाणी आहे, त्या बिऱ्हाडात काय न्यावे आणि काय मागे ठेवावे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो यंदाच्या गणपतीत. माझा एक जुना विद्यार्थी आहे. जयगडच्याच एका खारव्याच्या घरातला. बारा वर्षे त्याने व्यापारी जहाजांच्या इंजिनाच्या खोलीत काढली, चार पैसे गाठीला बांधले, आणि त्या पैशांचा फ्लॅट घेण्याऐवजी त्याने घेतली एक शिडाची नाव! चाळीस फूट लांबीची, वापरलेली, मलेशियातल्या लंकावी बेटापाशी नांगरलेली. बायको परिचारिका आहे, मुलगी सात वर्षांची. तिघांनी त्या नावेतच राहायचे, जानेवारीत ईशान्येचा वारा स्थिर झाला की निघायचे आणि अंदमान, श्रीलंका करीत कोचीला यायचे, असा त्याचा बेत. पुढचे पुढे.

त्याची आई माझ्याकडे आली. पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमचा शब्द तो मोडत नाय. त्याला सांगा, तुला जायचं तर तू जा. पोरीला माझ्याकडं ठेव.”

एवढेच बोलून ती गेली. ती काय बोलली नाही, ते गावात सर्वांना ठाऊक आहे. ते पुढे येईलच.

आता असे वेड त्याला एकट्यालाच लागले आहे, असे मुळीच नाही. युरोप-अमेरिकेत शिडाच्या नावेत संसार थाटून जगभर हिंडणारी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून आहेत. अलीकडे आपल्याकडचेही एक कुटुंब, नौदलातून बाहेर पडलेला अधिकारी, त्याची पत्नी आणि शाळकरी मुलगी, घरातले सामान मोडीत काढून नावेवर राहायला गेल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आणि आमच्या किनाऱ्याने तर नावाही बांधल्या आहेत. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ‘म्हादेई’ डच आराखड्यावरून गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात तयार झाली होती. छप्पन्न फुटांची. त्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी जग फिरून आल्या. तेव्हा ‘आपल्या लोकांना हे जमणार नाही’ असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो सात वर्षांच्या मुलीचा.

मास्तर मंडळी अशा प्रसंगी जे करतात तेच मी केले. निर्णय पुढे ढकलला. विद्यार्थ्याला म्हटले, “तुझी सामानाची यादी तरी दाखव.” त्याने चार छापील कागद पुढे केले. १२८ वस्तू! मी म्हटले, “ह्या यादीची परीक्षा माझ्याच्याने व्हायची नाही. परीक्षक वेगळा आहे. चल.”

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. मुखावर किल्ला, वर दीपगृह, पलीकडे तवसाळ. २००९ पासून इथे कोळशाची अजस्र जहाजे येतात आणि खाडीतून मोटारी पोटात घेऊन फेरीबोट जा-ये करते. शिडाचे गलबत मात्र आता पाहायला मिळत नाही. पण गलबतावर आयुष्य काढलेला एक तांडेल आमच्या गावात अजून आहे. वय पंच्याऐंशी. दृष्टी गेली आहे, कान शाबूत आहेत. बाराव्या वर्षी तो ‘भंडारी’ म्हणून गलबतावर चढला. भंडारी ही येथे जात नव्हे. गलबतावर जो भात शिजवतो तो भंडारी, आणि तो बहुधा सगळ्यांत लहान पोरगाच असायचा. मंगळुरी कौले मुंबईस न्यायची, मुंबईहून मिळेल ते भरून दक्षिणेस जायचे. नारळी पौर्णिमेनंतर निघाले की पावसाच्या तोंडाला परत. मग गलबत वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारायचे. आठ महिने नऊ माणसे त्या लाकडाच्या पोटात संसार करीत. फक्त त्या संसारात बायका-मुले नसत. बाईमाणूस गलबतावर चढले तर उतारू म्हणून.

तांडेलाच्या पडवीत आम्ही बसलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी यादी वाचीत होतो, तांडेल डोळे मिटून ऐकत होता. विद्यार्थी अधूनमधून अर्थ सांगत होता. त्याची आईही आली होती. दाराशी पाठ टेकून ती कुळीथ निवडीत बसली होती.

तांडेलाने एकाही वस्तूला नावे ठेवली नाहीत. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे म्हातारे लोक म्हणतात तसे तो एकदाही म्हणाला नाही. प्रत्येक वस्तूला त्याचे दोनच प्रश्न होते. “ह्ये बंद पडलं तर?” आणि “तू आजारी पडलास तर ह्ये कोन चालवील?”

पहिली वस्तू होती खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र. समुद्राचे पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासपटीहून अधिक दाबाने एका बारीक पडद्यातून ढकलायचे. मीठ अलीकडे राहते, गोडे पाणी पलीकडे जाते. विद्यार्थी मोठ्या उत्साहाने सांगत होता. तांडेलाला ते फार आवडले. त्याने विचारले, “मुंबयच्या बंदरात चालंल?”

“नाही, बाबा. पाण्यात तेलाचा तवंग असला की पडदा खराब होतो. खाडीच्या गढूळ पाण्यातसुद्धा नको.”

“म्हंजे जिथं किनारा लांब हाय तिथंच त्याचा भरवसा. आनि तिथंच ते मोडलं तर?”

मग पाण्याचा हिशेब सुरू झाला. माणशी दिवसाला चार लिटर, पिणे आणि रांधणे धरून; तिघांचे बारा; दहा दिवसांची मजल पंधरा दिवसांची झाली तर एकशे ऐंशी. तांडेल म्हणाला, ते सगळे एका टाकीत ठेवू नको. गलबतावर एकच मोठे पिंप असे, त्याला कुलूप असे आणि डाव तांडेलाच्या हातात. पण एकदा ते पिंप नासले आणि नऊ माणसे दोन दिवस ओठ चाटत आली. म्हणून निम्मे पाणी टाकीत, निम्मे लहान लहान डब्यांत, आणि प्रत्येक डबा सात वर्षांच्या पोरीला नाही तरी तिच्या आईला एकटीने उचलता येईल एवढाच. डबे काठोकाठ भरायचे नाहीत. थोडी हवा ठेवली तर गोड्या पाण्याचा डबा समुद्रात पडला तरी तरंगतो. भात शिजवताना तिसरा हिस्सा समुद्राचे पाणी घालायचे, मीठ वाचते. आणि डोक्यावर उन्हासाठी जे कापड ताणणार, त्याच्या मधोमध तोटी शिवायची. पाऊस आला की पहिल्या सरीत कापडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यायचे, मग नळी डब्यात सोडायची. विद्यार्थ्याच्या यादीत कापड होते, तोटी नव्हती. ती त्याने लिहून घेतली.

स्वयंपाकघराशी आलो तेव्हा कुळीथ निवडणारे हात थोडे मंदावले. गलबतावर मातीने भरलेल्या लाकडी खोक्यात चूल असे. नव्या नावांत गॅसची शेगडी कड्यांवर झोके घेत टांगलेली असते; नाव कलली तरी भांडे सपाट राहते. ही युक्ती ऐकून तांडेल हसला. धोका वेगळाच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर आपण खिडकी उघडतो; नावेच्या पोटाला खिडकी नसते. तो हळूहळू तळाशी साचतो आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत बसतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा वर, आणि त्याच्या तळाशी थेट समुद्रात उघडणारे भोक असावे लागते. विद्यार्थ्याच्या नावेला तो कप्पा होता, पण आधीच्या मालकाने त्या भोकावर दोरखंडांचे भेंडोळे ठेवलेले त्याने पाहिले होते. इंजिनाच्या खोलीतला माणूस; त्याला पुढचे समजावून सांगावे लागले नाही.

आणि आपला प्रेशर कुकर! परदेशी लोकांच्या पुस्तकांतही त्याची थोरवी गायली आहे, हे वाचून मला फार समाधान वाटले. झाकण घट्ट बसते, कलंडला तरी आमटी पोराच्या अंगावर सांडत नाही, पाणी थोडे लागते, गॅस थोडा जळतो. आमच्या घरोघरच्या गृहिणी इतकी वर्षे शिट्ट्या मोजत आहेत त्या काही उगीच नाहीत. विद्यार्थ्याच्या बायकोने मात्र बजावून ठेवले होते की कुकरच्या रबरी कड्या आणि झडपा चार तरी हव्यात. यादीतली ती एकच ओळ तांडेलाने काही न विचारता मान्य केली.

खोली मोजायचे विजेचे यंत्र आले. त्यावर तांडेलाने विचारले, “खाली चिखल हाय का खडक, ह्ये सांगतंय?” ते सांगत नाही, निदान खात्रीने नाही. गलबतावर दोरीला शिशाचे वजन बांधून सोडीत. वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी. वर काढले की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चिकटून येई; काहीच आले नाही तर खाली खडक. नांगर चिखलात धरतो, खडकावर घसरतो. खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडावी, आणि खोली मोजायची ती भरतीची उंची धरून, ओहोटीची नव्हे. नाही तर संध्याकाळी बरोबर नांगरलेले बिऱ्हाड पहाटे दुसऱ्याच गावी गेलेले असायचे. तीन किलोचे शिसे आणि चरबीचा गोळा! १२८ वस्तूंत ही भर पडली. किंमत म्हणाल तर अगदी नगण्य.

असे करीत करीत आम्ही पोरीच्या सामानाशी आलो. पुस्तके, रंग, खेळ. मास्तर म्हणून मला विचारणे ओघाने आलेच. मी म्हटले, “पुस्तके न्या, पण एक जाड वही तिच्या मालकीची असू द्या. रोज सकाळी वारा कुठून, आकाश कसे, खोली किती, हे तिने लिहायचे.” वीस वर्षे मी मुलांना खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर बाण काढून शिकवतो आहे; रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा गालावर घेऊन जी मुलगी वहीत लिहील, तिला बाण काढून दाखवायची गरज पडायची नाही. ह्या बाबतीत मला तिचा थोडा हेवाही वाटला.

अशा सामानाविषयी बोलताना मला एका कुटुंबाची हकीकत आठवली आणि मी ती सांगितली. रॉबर्टसन नावाचे एक इंग्रज शेतकरी कुटुंब. नवरा-बायको, अठरा वर्षांचा मुलगा, दोन जुळी लहान मुले, आणि बरोबर एक तरुण विद्यार्थी. १५ जून १९७२ रोजी पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेस व्हेल जातीच्या हिंस्र प्राण्यांनी त्यांच्या नावेला धडक दिली. काही मिनिटांत ती बुडाली. रबरी तराफा होता, तो सतराव्या दिवशी निकामी झाला. मग सहा माणसे नऊ फुटांच्या होडीत. पावसाचे पाणी आणि कासवांचे मांस यांवर त्यांनी एकूण ३८ दिवस काढले आणि एका जपानी मासेमारी जहाजाने सहाही जणांना जिवंत उचलले. ह्या हकिकतीत माझे मन अडकून राहते ते एका वस्तूपाशी. नाव बुडताना पाण्यावर जे काही तरंगत वर आले, त्यात बाईची शिवणाची टोपली होती. सुया, दोरे, पाती, असले किडूकमिडूक. बाकीचे महागाचे सामान समुद्राच्या तळाशी गेले आणि त्या टोपलीतल्या वस्तूंवर सहा जणांचा संसार पुढे चालला.

“मग टोपली तरंगनारी पायजे,” दाराशी बसलेली आई म्हणाली. यादीविषयी ती बोललेले हे पहिले वाक्य.

विद्यार्थ्याला वाटले, आता रंग चढतो आहे. त्याने उपग्रहाला संदेश पाठवणाऱ्या यंत्राची गोष्ट काढली. २०१८ च्या सप्टेंबरात अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, अंथरुणातून हलता येईना. यंत्राने ठावठिकाणा कळवला आणि तिसऱ्या दिवशी मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. “म्हणजे बघ आई, कुठेही असलो तरी...”

आई काही बोलली नाही. तांडेल बोलला. “यंत्र चांगलं हाय. ते घे. पन ते नाव बुडल्यावरचं. मानूस पडल्यावरचं काय?”

थोडा वेळ पागोळ्यांचाच आवाज येत होता.

“वादळात मानूस पडत नाय, पोरा,” तांडेल म्हणाला. “वादळात दोनी हात धरलेले असतात. मानूस पडतो तो चांदन्यात. वारा बेताचा, गलबत आपलं चाललंय, रात्री उठतो, आडोशाला म्हनून काठावर उभा ऱ्हातो. एक हात मोकळा. बस.”

“माझे वडील असेच गेले ना?” आईने विचारले. कुळथाचे सूप तिने बाजूला ठेवले होते.

मी आधी म्हटले ना, गावात सर्वांना ठाऊक आहे. १९६८ साली मुरगावहून येताना तिचे वडील गलबतावरून गेले. ती तेव्हा पाच वर्षांची. सुकाणावर त्या रात्री हाच तांडेल होता, अठ्ठावीस वर्षांचा. पण ह्या दोघांत त्या विषयावर कधी बोलणे झाले असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत. एकमेकांच्या घरी सणाला वाटी पाठवतात.

तांडेलाने सांगितले ते असे. हाक ऐकू आली. पाठीवर वारा; शीड उतरवल्याखेरीज गलबत फिरवता येत नाही, आणि शीड उतरवून, परभाण सांभाळून फिरेपर्यंत ते कुठल्या कुठे गेलेले असते. पाण्यातल्या माणसाचे डोके म्हणजे चांदण्यात एक नारळ. फेकायला काय होते? रिकामे पिंप होते. “पन बांधलेलं. गाठ सुटंना. भिजलेल्या काथ्याची गाठ. कोयती आनली, तोपर्यंत हाक बंद झाली.”

तो आमच्याकडे पाहत नव्हता, पाहू शकतही नव्हता. हात मात्र गाठ सोडवीत होते.

विद्यार्थ्याने यादीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला घेतले. मी पाहत होतो. पहिली ओळ: प्रत्येकाला कमरपट्टा आणि खांद्यावरून पट्टे, नावेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला पट्टा, त्यात आकडा अडकवल्याशिवाय रात्री कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. दुसरी: आकड्याची दोरी एवढी आखूड की पडलेच तरी काठाच्या आत. तिसरी: कठड्याला सगळीकडून जाळी. चौथी: सुकाणाशी, हात लांब केला की मिळेल असे तरंगते कडे, पाण्यात पडताच आपोआप पेटणाऱ्या दिव्यासह, त्याला गाठ म्हणून नाही, नुसते कोंदणात टेकवलेले. पाचवी: पोरीच्या गळ्यात शिट्टी. ह्यातल्या बहुतेक वस्तू जुन्या यादीतही होत्या. पण त्या ८९ पासून पुढे, खेळण्यांच्या अलीकडे होत्या.

“आनि तू पडलास तर तुझ्या बायकोला शीड उतरवता येतं?” तांडेलाने विचारले.

“शिकते आहे.”

“शिकली की मग निघा. जानेवारी काय, पुढच्या सालीबी येतो.”

त्या दिवशी निकाल लागला असे नव्हे. मी विद्यार्थ्याला ‘जाऊ नको’ म्हटले नाही, आणि त्याच्या आईला ‘पाठव’ असेही म्हटले नाही. पोरीला गावी ठेवायचा विषय तिने पुन्हा काढला नाही, एवढे खरे. निघायच्या आदल्या दिवशी नातीच्या छातीचे आणि कमरेचे माप तिने दोऱ्याने घेतले, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि विचारले, “पट्टा वाढता घेताव ना? पोर वरसात वाढंल.” मग तो आकडा कसा असतो, ओढ बसलेली असताना माणसाला तो आपला आपण सोडवता येतो का, आणि नको तेव्हा सुटत तर नाही ना, हे तिने दोन-दोनदा विचारून घेतले. मुलगा मोबाइलवर चित्रे दाखवीत होता. तिने चष्मा लावून ती सगळी पाहिली.

तिघे आता लंकावीला पोहोचले आहेत. तिथून फोन येतात: नावेच्या बुडाचे रंगकाम चालू आहे, पोरीला भरतीचे वेळापत्रक वाचता येऊ लागले आहे, तिच्या आईने परवा एकटीने मोठे शीड उतरवले. तेरा मिनिटे लागली. तांडेलाला हे मी जाऊन सांगितले. “पाच व्हायला पायजेत,” तो म्हणाला.

आणि रोज संध्याकाळी शाळेवरून परतताना ती बाई मला दारात गाठते. “गुरुजी, तिकडं आज वारा कुठला?” मी मोबाइल काढून पाहतो. काल पश्चिमेचा होता, मंद. ईशान्येचा सुरू व्हायला अजून अवकाश आहे, असे मी सांगितले.

“मग येळ हाय,” ती म्हणाली आणि आत जाऊन आगळ गाळायला बसली. काचेच्या बाटल्या चालणार नाहीत, हे तिला आता सांगावे लागत नाही.